उजव्या लेनमधून ८० ने जाते. माझं नेमकं काय चुकतं?

आमटीचा_डबा:

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मी गाडी एक्कावन्नाव्या वर्षी शिकले. आता छप्पन्न पूर्ण. त्यामुळे उत्तर देताना ‘एवढंही माहीत नाही का’ असं म्हणायचं असेल तर म्हणा, पण नंतर उत्तरही द्या.

दर शनिवारी सकाळी साडेसहाला चिंचवडहून निघते, किवळ्याला एक्सप्रेसवेला लागते, शेडुंगला उतरून पळस्पे फाट्यावरून पनवेलला आईकडे. आई ब्याऐंशीची आहे. तिला तिथे मदतनीस बाई आहेत, स्वयंपाक उत्तम करतात, पण चिंचगुळाची आमटी माझ्याच हातची लागते. रविवारी दुपारी परत. सीएनजीची वॅगनआर. गाडीत मी, डबा, आणि फारच झालं तर भाचा, जो पूर्ण प्रवास झोपतो.

माझी पद्धत अशी: उर्शाचा टोलनाका मागे पडला की सगळ्यात उजवी लेन धरायची, काटा ८० वर आणायचा आणि घाट येईपर्यंत तिथून हलायचं नाही. लेन बदलायची मला मनापासून भीती वाटते. जिथे गाडी शिकले तिथल्या सरांनी सांगितलं होतं, “मॅडम, हायवेला उजवीकडे राहायचं, डावीकडे ट्रक असतात.” ते मी पोथीसारखं पाळत आले. शिवाय उजवीकडे डिव्हायडर, म्हणजे सांभाळायला एकच बाजू उरते. पाच वर्षं निभावलं.

गेल्या शनिवारी कामशेतच्या बोगद्याच्या अलीकडे एक पांढरी मोठी गाडी मागे येऊन चिकटली. इतकी जवळ, की आरशात तिची नंबरप्लेट दिसेना, नुसती जाळी आणि दिवे. डिपरवर डिपर. माझ्या डावीकडे मधल्या लेनमध्ये सिमेंटचा बल्कर होता, त्याच्यापुढे अजून एक, पुढे टेम्पो. मी जाणार कुठे? आणि खरं सांगू, जागा झाल्यावरही मी गेले नाही. एक तर भीती, दुसरं म्हणजे राग आला होता. मी कायद्यात बसून चालले आहे, हा कोण मला हुसकावणारा?

मग बल्कर मागे पडल्यावर तो डावीकडून पुढे आला, माझ्यासमोर घुसला आणि मुद्दाम ब्रेक मारला. मी पण मारला. बाजूच्या सीटवरचा डबा उडून खाली पडला, झाकण निघालं, आमटी पायाखालच्या मॅटवर. आज सहा दिवस झाले, गाडीत गोड्या मसाल्याचा वास आहे. तो पुढे फूड मॉलवर भेटलाच. खिडकीपाशी येऊन म्हणाला, “काकू, ती लेन तुमच्या नावावर केलीय का?”

तर प्रश्न. मर्यादा १०० ची आहे म्हणजे १०० च्या वर जायचं नाही. १०० ने गेलंच पाहिजे, असं तर कुठे लिहिलेलं नाही ना? मग ८० ने जाणारी बाई चुकली, की ११५ ने येऊन दिवे मारणारा माणूस चुकला? आणि डावीकडे सगळे ट्रक असतील तर माझ्यासारखीने जायचं कुठून?

---

रोज_वाशी_बाणेर:

काकू, तो मी नव्हे. माझी गाडी लाल आहे. पण खोटं कशाला बोलू, मी त्याच जातकुळीतला आहे. आठवड्यातून दोनदा जातो-येतो आणि दर खेपेला उजव्या लेनमध्ये एक तरी ‘८० वाले’ भेटतात. पुढे दोन किलोमीटर रस्ता मोकळा, मागे पंधरा गाड्यांची वरात. वर त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान, की जणू सगळ्यांना शिस्त लावायचा मक्ता घेतलाय.

गणित बघा. ९४.५ किलोमीटरचा रस्ता. १०० ने ५७ मिनिटं, ८० ने ७१. म्हणजे चौदा मिनिटं. जाऊन-येऊन अठ्ठावीस. आठवड्याला जवळजवळ तास. तुमच्यामुळे माझा आठवड्याचा तास जातो (तुमच्या एकटीमुळे नाही, तुमच्या संप्रदायामुळे).

ब्रेक मारणारा मात्र वेडा होता. ते कोणीच करू नये. आमटीबद्दल वाईट वाटलं.

---

आमटीचा_डबा:

@रोज_वाशी_बाणेर, घाटात सगळ्याच मोटारींना ६० ची मर्यादा आहे, तिथे तुमचे काय वाचणार? घाटाचे दहा-बारा किलोमीटर वजा करा. बाराच मिनिटं उरतात. बँकेत तीस वर्षं काढली आहेत, बेरीज-वजाबाकी मला सांगू नका. 🙂

समाधानाबद्दल म्हणाल, तर माझ्या चेहऱ्यावर उजव्या लेनमध्ये समाधान नसतं, घाम असतो.

---

कऱ्हाडचा_काळा_कोट:

ताई, कायद्यापुरतं बोलतो.

तुमचा वेग कायद्यात बसतो. तुमची जागा बसत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे निम्मं भांडण त्या एकत्र केल्यामुळे होतं. गाडी चालवण्याचे २०१७ चे केंद्रीय विनियम आहेत. त्यांचं मूळ सूत्र तेच जुनं: शक्य तेवढं डावीकडून चाला, ओव्हरटेक उजवीकडून करा. मागचा पुढे जाऊ पाहत असेल तर त्याला अडवायचं नाही आणि तो शेजारी आला म्हणून आपला वेगही वाढवायचा नाही. उजवी लेन ‘वेगवान माणसांची’ नाही. ती पुढे जाण्यासाठी आहे. ओव्हरटेक करायचं आणि परत यायचं. ८० ने जाणाऱ्याने ६० वाल्याला उजवीकडून ओलांडावं, खुशाल. ओलांडून झाल्यावर तिथेच बिऱ्हाड करू नये. हे १०० वाल्यालाही तेवढंच लागू आहे, हे आमच्या लाल गाडीवाल्या मित्राने लक्षात घ्यावं.

या विनियमांचा भंग केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७-अ खाली ५०० ते १००० रुपये दंड. वेगमर्यादा मोडली तर कलम १८३, हलक्या वाहनाला १००० ते २०००. आणि मुद्दाम समोर येऊन ब्रेक मारणं हे कलम १८४ च्या तोंडाशी जातं, म्हणजे धोकादायक वाहन चालवणं. तिथे पहिल्याच गुन्ह्याला कैदेचीही तरतूद आहे. तुमच्या गाडीत कॅमेरा असता तर त्या गृहस्थांची मजा झाली असती. दोन-तीन हजारांत बरा कॅमेरा मिळतो. आमटीपेक्षा महाग, पण एकदाच.

आता कायदा बाजूला ठेवून. तुमच्या सरांना मी फार दोष देणार नाही. ते ज्या रस्त्यावर शिकले त्या रस्त्याबद्दल बरोबरच बोलत होते. आमच्या पुणे-सातारा-कोल्हापूर रस्त्यावर या. डावी लेन ही लेन नसतेच. ती पार्किंग असते, एसटीचा थांबा असते, रसवंतीसमोरचं अंगण असते. पुढचा यू-टर्न दीड किलोमीटरवर म्हणून उलट्या दिशेने येणारी मोटरसायकल डावीकडूनच येते, बहुतेकदा दुधाचे कॅन लावून आणि दिवा न लावता. ऊस सुरू झाला की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे रिफ्लेक्टर नाही, उसाचे वाढे रस्त्यावर लोंबताहेत. रात्री तुम्ही डावीकडून ८० ने गेलात तर थेट त्या उसात. एकदा मी स्वतः जेमतेम पंधरा फुटांवर थांबलो आहे. त्यानंतर दोन वर्षं मीही डिव्हायडरला चिकटूनच चालवत होतो.

म्हणजे सवय आली भीतीतून, आणि ती भीती खरी होती. फक्त एक्सप्रेसवेवर दुचाकी नाही, रिक्षा नाही, ट्रॅक्टर नाही, चौक नाही. तिथे ती सवय बरोबर नेली की ती दुसऱ्याच्या अंगावर येते.

---

लालपरी_ते_शिवनेरी:

ताई नमस्कार. एसटीत एकतीस वर्षं स्टिअरिंगवर होतो. जुन्या घाटातून लाल गाडी नेली, २००२ ला एक्सप्रेसवे पूर्ण खुला झाल्यावर त्यावरून नेली, शेवटची वर्षं शिवनेरी, दादर-पुणे. आता नातवाला शाळेत सोडतो स्कूटरवर, तेवढंच. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला. मी हात कसा बसवायचा ते सांगतो, कारण तुमचा प्रश्न कायद्याचा नाहीच. तुम्हाला लेन बदलायची भीती वाटते, हे तुम्हीच लिहिलंय. बाकी सगळं त्यावरचं पांघरूण.

तुमची लेन मधली. ८० ने जाणाऱ्या मोटारीला मधली लेन चपखल. पण मधल्या लेनमध्येही साठ-पासष्टचा ट्रक मध्येच भेटणार, हे खरं. मग तुम्हाला उजवीकडे यावं लागणार आणि परत जावं लागणार. ते टाळता येत नाही. ते शिकावंच लागतं.

उजवीकडे जायचं तेव्हा लोक फक्त पुढे बघतात. पुढचा ट्रक कळतोच हो, तो डोंगराएवढा असतो. बघायचं मागे. बाहेरच्या उजव्या आरशात मागची गाडी दिसली की लगेच ठरवू नका. एकदा बघा, पुढे बघा, परत बघा. दुसऱ्यांदा ती तेवढीच दिसली तर तिचा तुमचा वेग सारखा. दुसऱ्यांदा मोठी झाली असेल तर ती येतेय, तिला जाऊ द्या. तीन-चार सेकंदांचा प्रश्न असतो. गाडी केवढी दिसते ते नाही बघायचं, ती किती भराभर मोठी होते ते बघायचं. आम्ही नवीन पोरांना एवढं एकच शिकवायचो आठवडाभर.

मग इंडिकेटर. तो आधी, वळणं नंतर. आपल्याकडे लेन बदलताना इंडिकेटर देतात, म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका. आणि मान थोडी वळवून खांद्यावरून एक नजर, कारण आरशात एक कोपरा दिसतच नाही.

परत डावीकडे कधी यायचं? ज्याला ओलांडलं त्याचे दोन्ही हेडलाइट आतल्या आरशात, मधल्या, पूर्ण दिसले की. बाहेरच्या आरशावर जाऊ नका, तो अंतर फसवतो. दोन्ही दिवे दिसले, इंडिकेटर, या डावीकडे. एक दिवा दिसत असताना आलात तर तुम्ही त्या ट्रकच्या नाकासमोर. त्याचं नाक थांबायला वेळ लागतो.

अंतर: पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मनात ‘गणपती बाप्पा मोरया, मंगलमूर्ती मोरया’ म्हणा, आरतीच्या वेळी म्हणतो त्या चालीने, घाई नाही. ते संपायच्या आत तुम्ही त्या खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात. साधारण तीन सेकंद होतात. ८० ला गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते, १०० ला अठ्ठावीस. हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल.

आणि कोणी मागे चिकटलं तर? घाबरून ब्रेक दाबू नका, रागाने तर नकोच. वेगही वाढवू नका. डावीकडे जागा नसेल तर नसेल. डावा इंडिकेटर देऊन ठेवा. त्याचा अर्थ मागच्याला कळतो: बाईंनी मला बघितलंय, जागा मिळाली की सरकणार आहेत. दहातले आठ जण तिथेच डिपर थांबवतात. माणसाला साइड मिळाली नाही म्हणून तो चिडत नाही, आपल्याला बघितलंच नाही असं वाटलं की चिडतो. उरलेले दोन तसेच असतात. त्यांना जाऊ द्यायचं.

अजून एक. तो तुम्हाला डावीकडून काढून गेला ते सगळ्यात वाईट. ट्रकच्या डाव्या बाजूला ड्रायव्हरला फार कमी दिसतं. पूर्वी तिथे क्लीनर बसायचा, खिडकीतून हात काढून पत्र्यावर थाप मारायचा, ‘आने दो’ म्हणून. आता निम्म्या गाड्यांवर क्लीनर परवडत नाही, ड्रायव्हर एकटा असतो. आणि लोक डावीकडून का घुसतात? उजवी लेन कोणीतरी अडवून धरलेली असते म्हणून. त्यात तुमचा थोडा वाटा आहे ताई, राग मानू नका.

---

न्हावाशेवा_चाकण:

ट्रेलरवाल्यांची पण बाजू ऐका जरा. माझे दोन ट्रेलर आहेत, एक मी स्वतः चालवतो. बंदरातून कंटेनर उचलायचा, चाकणला टाकायचा.

सगळे म्हणतात ट्रक उजवीकडे का येतात. बोर्ड आम्हाला पण वाचता येतो, अवजड वाहनं डावीकडे. पण आमच्या गाड्यांना ८० चा स्पीड गव्हर्नर असतो. पॅडल कितीही दाबा, त्यापुढे जात नाही. आता समोरचा ७६ ने चाललाय आणि माझी ८० जाते. फरक चारचा. सेकंदाला एक मीटर आणि वर थोडं. माझी गाडी सोळा मीटर, त्याची बारा, पुढे-मागे तीस-तीस मीटर सोडा, झाले अठ्ठ्याऐंशी. म्हणजे जवळजवळ ऐंशी सेकंद मी त्याच्या शेजारी चालतोय. तेवढ्यात पावणेदोन किलोमीटर गेलं. हे झालं सपाटीला आणि मधल्या लेनमध्ये. कोणी शहाणा उजव्या लेनमध्ये हा खेळ करतो तेव्हा मागे काय होतं ते मला माहीत आहे. मी स्वतः करायचो. आता नाही करत. चार किलोमीटरच्या फरकाने चाकणला काय मिळतं? गेटवर तीन तास थांबायचंच असतं.

घाटाची गोष्ट वेगळी. खोपोलीपासून वर चढताना भरलेली गाडी एकदा दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर आली की परत वेग धरत नाही. डाव्या लेनमध्ये कोणी तरी बंद पडून उभा असतोच, मागे झाडाची फांदी नाहीतर दगड लावलेला. तो चुकवायला उजवीकडे आलो आणि त्याच वेळी मोटारवाल्याने जागा दिली नाही, की थांबलो. आणि चढावर थांबलेला भरलेला ट्रेलर म्हणजे पुढचा अर्धा तास सगळ्या घाटाची ओळख. आम्ही दादागिरी करतो असं वाटतं तुम्हाला. कधी कधी करतो पण. पण बरेचदा तो मोमेंटम वाचवण्याचा जीवघेणा प्रयत्न असतो.

उतरताना तर आमच्या पुढे येऊन ब्रेक मारू नका, हात जोडतो. तुम्ही पनवेलला जाता म्हणजे उताराच्या बाजूने जाता. खंडाळ्याखाली रबर जळल्यासारखा वास आला तर समजायचं कोणाच्या तरी ब्रेकचे लायनर तापलेत. त्या गाडीच्या पुढे रेंगाळायचं नाही आणि मागे चिकटायचं पण नाही.

आणि एक साधी खूण. तुम्हाला माझ्या आरशात माझं तोंड दिसत नसेल, तर मला तुम्ही दिसत नाही. बस.

---

श्टुटगार्टचा_भाऊसाहेब:

मूळचा नगरचा, नऊ वर्षं जर्मनीत. इथल्या ऑटोबानबद्दल आपल्याकडे फक्त ‘वेगमर्यादा नाही’ एवढंच सांगतात. बऱ्याच भागावर मर्यादा आहे, आणि जिथे नाही तिथे १३० ची शिफारस आहे. खरी गंमत वेगाची नाहीच, बाजूची आहे. (इथे सगळं उलट, उजवी बाजू म्हणजे आपली डावी.) रिकामा रस्ता असताना ओव्हरटेकच्या लेनमध्ये कोणी बसून राहत नाही. बायको म्हणते, हे लोक नाचल्यासारखे बाहेर येतात आणि आत जातात. चुकीच्या बाजूने ओव्हरटेक केलं तर दंड, आणि मागे चिकटलात तर अंतर मोजून दंड.

ट्रेलरवाल्या दादांनी जे सांगितलं त्याला इथे ‘हत्तींची शर्यत’ म्हणतात! ट्रकला ८० ची मर्यादा इथेही आहे. एका न्यायालयाने आडाखा घालून दिला: ओव्हरटेक साधारण ४५ सेकंदांत उरकला पाहिजे, म्हणजे वेगात दहाचा तरी फरक हवा. दादांचे ऐंशी सेकंद इथे महाग पडले असते.

पण काकू, पहिल्या महिन्यात मीही तुमच्यासारखाच होतो. एका जर्मन आजोबांनी मागून दिवे दिले, शेजारून जाताना बोटाने कपाळावर टकटक करून दाखवलं. ती इथे शिवी असते, हे नंतर ऑफिसात कळलं. मला वाटलं, ‘डोकं वापर’ असं प्रेमाने सांगतायत. मी हसून हात हलवला होता.

---

रोज_वाशी_बाणेर:

लालपरी काका, डावा इंडिकेटर देऊन ठेवायची आयडिया एक नंबर. खरंच, समोरच्याने तसा इंडिकेटर दिला तर मी पण मागे राहीन. बहुतेक. आणि काकू, कबूल, बारा मिनिटं.

एक शंका मात्र राहतेच. ती मधली लेन. शनिवारी सकाळी मधली लेन म्हणजे ट्रकांचीच असते. काका म्हणतात तसं आत-बाहेर करत बसलं तर लोणावळ्यापर्यंत वीस वेळा करावं लागेल. त्यातही धोका आहेच ना?

---

लालपरी_ते_शिवनेरी:

आहे की. म्हणून दोन ट्रकांच्या मध्ये शंभर मीटरची फट दिसली की आत घुसायचं असंही नाही. पुढे लगेच दुसरा ट्रक दिसतोय आणि आरशात मागे कोणी नाही, तर राहा उजवीकडे, दोघांना एकदमच ओलांडा. मागे कोणी मोठं व्हायला लागलं की मात्र फट शोधायची. आरसा दर दहा सेकंदांनी. बाकी रस्ता सांगतो.

आणि ताई, डबा सीटवर ठेवायचा नाही. ड्रायव्हरच्या मागे, खाली, पायाच्या जागेत, बाजूला पाण्याची बाटली दाबून बसवायची. माझा जेवणाचा डबा एकतीस वर्षं तिथेच होता.

---

आमटीचा_डबा:

सगळ्यांचे आभार. आज रविवार रात्र. कालचा आणि आजचा वृत्तांत.

शनिवारी उर्से नाका ओलांडल्यावर सवयीने उजवीकडे गेलेच. मग स्वतःलाच म्हटलं, बाई, आज नाही. आरशात मागे कोणी नव्हतं, तरी डावा इंडिकेटर दिला आणि तो टिकटिक करत असताना मधल्या लेनमध्ये आले. काही झालं नाही. दोन मिनिटांत पुढे एक दुधाचा टँकर आला, ६० ने. उजव्या आरशात एक काळी गाडी. बघितलं, पुढे बघितलं, परत बघितलं. मोठी झाली होती. जाऊ दिली. मग मी. टँकरच्या शेजारून जाताना त्याच्या आरशात बघितलं तर ड्रायव्हरचं तोंड दिसलं, गळ्यात पंचा, तोंडात काहीतरी चघळत होता. त्याने पण माझ्याकडे बघितलं. पाच वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की ट्रकमध्ये माणूस असतो.

मग आतल्या आरशात आधी एक दिवा. थांबले. मग दुसरा. एकावर चिखल होता. इंडिकेटर, डावीकडे. भाचा झोपलेलाच. मोरया म्हणून अंतर मोजायला लागले, तर तो झोपेत म्हणाला, “मावशी, पनवेल आलं?”

बोगद्यात लेन बदलायची नसते, तिथे गप्प राहिले. लोणावळ्यापर्यंत अकरा वेळा लेन बदलली. वीस नाही, अकरा. भाच्याने नाही, मीच मोजल्या. पहिल्या तीन वेळा श्वास रोखून, पुढच्या जमल्या. घाटात तो जळका वास खरंच आला आणि मी लगेच एक कंटेनर पुढे जाऊ दिला. वास त्याचाच होता की नाही, देव जाणे. आमटी पोचली. डबा काकांनी सांगितला तिथेच होता.

आज येताना मात्र वेगळंच. लोणावळ्याच्या पुढे मी उजवीकडून एका टेम्पोला ओलांडत होते, ८५ वर होते, आणि माझ्यासमोर एक खासगी बस आली. उजव्या लेनमध्ये, ७० ने. डावीकडच्या दोन्ही लेन मोकळ्या! इतक्या मोकळ्या, की तिथे रांगोळी काढता आली असती. मी मागे राहिले. एक किलोमीटर, दोन किलोमीटर. तो ढिम्म. मग मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी डिपर दिला. काही उपयोग नाही. आता लालपरी काका, सांगा. डावीकडून जायचं नाही म्हणता, तो सरकत नाही, मी करायचं काय?

---

लालपरी_ते_शिवनेरी:

शाब्बास ताई. आता उत्तर. मागे काचेला पडदे किंवा मोठं स्टिकर होतं का? बहुतेक असणार. त्या बसच्या ड्रायव्हरला मधला आरसा कामाचा नसतो, फक्त बाहेरचे दोन. तुमची वॅगनआर छोटी, तुम्ही बरोबर मागे आणि जवळ असाल तर त्याच्या लेखी तुम्ही नाहीतच. आधी मागे पडायचं, चांगलं पन्नास-साठ मीटर. लेनमध्येच थोडं उजवीकडे सरकायचं, म्हणजे त्याच्या उजव्या आरशात तुम्ही दिसाल. मग डिपर, एकदाच, छोटा. आणि थांबायचं. त्याला आरशात बघायला, डावीकडे बघायला, सरकायला वेळ लागतो, बस आहे ती. नाहीच सरकला तर मागेच राहायचं, उर्से काही पळून जात नाही.

तुम्ही किती वेळा दिला?

---

आमटीचा_डबा:

सात.